'मत दिलं नाही, पण मानतो'

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझे वडील द्राक्षबागायतदार. गावच्या राजकारणात ते कायम आर. आर. आबांच्या (माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांच्या) विरुद्ध पार्टीत. पण घरात आबांचा विषय निघाला की म्हणायचे, 'आबांना मी कधी मत दिलं नाही, पण आबांना मानतो.' वडिलांच्या आठवणी लिहून काढताना हे वाक्य जसंच्या तसं घेतलं. पुण्याच्या एका परिचितांनी लेख तपासताना तिथे खूण केली, 'मानतो म्हणजे काय मानतो? वाक्य अपुरं आहे.' दुसरीकडे पेपरात 'आबांना मानणारा गट' असं येतं, तेव्हा त्याचा अर्थ आबांचे समर्थक. मग वडिलांचं वाक्य स्वतःलाच खोडतं का? परिचितांनी त्याजागी 'आबा अजातशत्रू होते' असं सुचवलं आहे. काय करू?"

ताई, वाक्य पूर्ण आहे, शुद्ध आहे, आणि त्यातला एकही शब्द हलवू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे क्रियापद आपल्या सातारा-सांगलीच्या बोलण्यातलं फार मोलाचं आहे आणि ते शब्दकोशात पाहून पुरतं कळत नाही.

आधी 'अपुरं आहे' या शेऱ्याबद्दल. 'मी त्याला भाऊ मानतो' या वाक्यात 'भाऊ' हा शब्द काढला तर अर्थ बदलतो, हे खरं. तिथे मानणे म्हणजे समजणे, धरून चालणे. त्यातूनच मानलेला भाऊ, मानलेली बहीण आले. पण याच क्रियापदाची दुसरी राहणी अशी की तिला असा पुरवणीचा शब्द लागतच नाही. 'देव मानतो' आणि 'देवाला मानतो' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात देव आहे की नाही एवढाच प्रश्न. दुसऱ्यात तो प्रश्न मागे पडला, आता नातं आलं. 'आमच्या घरात पालीच्या खंडोबाला मानतात' असं कराडकडचा माणूस म्हणतो तेव्हा खंडोबा आहे असं त्यांचं मत आहे, एवढं त्याला सांगायचं नसतं. तिथे नवस बोलला जातो, पहिलं पीक निघालं की जाऊन यायचं असतं, तो शब्द मोडत नाहीत, हे सगळं त्यात आलं. हे काम 'ला' करतो. 'आबांना मानतो' मधला 'ना' तोच. तेव्हा 'काय मानतो?' हा प्रश्न तिथे लागू पडत नाही.

आता शब्दाचं मूळ. यात मला वडिलांच्या वाक्यातली खरी गंमत दिसते. मत आणि मानणे हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. संस्कृतात 'मन्' म्हणजे विचार करणे. त्याचं भूतकाळवाचक रूप 'मत', म्हणजे विचार करून ठरवलेलं. पेटीत टाकतो ते मत हेच. त्याच धातूचं 'मन्यते', प्राकृतात 'मण्णइ', आणि मराठीत 'मानणे'. पर्ण, पण्ण, पान. कर्ण, कण्ण, कान. तशीच ही वाट. प्राकृतातला जोड 'ण्ण' मराठीत सुटा होताना 'न' होतो आणि मागचा स्वर लांबतो. एकेरी 'न' असता तर मराठीत 'ण' दिसला असता, जसा पानीयचं 'पाणी'. आमच्या भागात कानाला हा फरक कळायचा नाही, कारण आम्ही पाण्यालाही 'पानी'च म्हणतो; तो लिहिलेल्या रूपावरून पाहावा लागतो. (मान म्हणजे गळ्यामागचा अवयव, तो शब्द मात्र वेगळा. तो संस्कृत 'मन्या'वरून आला, वाट हीच. म्हणून ती मान आणि तो मान.)

म्हणजे मानणेचा पाया 'विचारान्ती कबूल करणे' हा. सन्मानाचा अर्थ 'मान' या संस्कृत शब्दाच्या सहवासाने त्यावर चढला आणि पक्का बसला. जुना अर्थ तुकोबांच्या एका ओळीत लख्ख दिसतो: 'सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥' मन, मानणे, मत, तिन्ही भावंडं एका ओळीत आहेत. आणि तिथेही म्हणणं हेच की पुष्कळांचं मत एक असेल, माझ्या मनाने कबूल केलं ते दुसरं. तुमच्या वडिलांनी मत एकीकडे आणि मानणं दुसरीकडे ठेवलं, ते भाषेच्या अंगाने अगदी जुन्या वाटेवरचं आहे.

मग 'मानणारा गट' चं काय? इथे सगळा खेळ रूपाचा आहे. 'मानणारा' हे 'णारा' लागलेलं रूप, माणसावर शिक्का मारणारं. पेपर टाकणारा, खेळणारा, दारू पिणारा, तसा मानणारा. त्याने माणसांची वर्गवारी होते. सांगली जिल्ह्यात एक काळ असा होता की सोसायटीच्या निवडणुकीपासून दूधसंघापर्यंत माणूस एक तर दादांना मानणारा, नाही तर बापूंना मानणारा. दादा म्हणजे पद्माळ्याचे वसंतदादा पाटील, बापू म्हणजे कासेगावचे राजारामबापू पाटील. तिथे मानणारा म्हणजे मत देणारा, गाडीत बसणारा, पॅनेल टाकलं की अर्ज भरणारा. 'आम्ही दादांना मानणारी माणसं' असं कुणी म्हटलं की त्याची बाजू कळली, पुढे काही विचारायला नको.

'मानतो' या चालत्या रूपाचं तसं नाही. ते शिक्का मारत नाही, कबुली देतं. तरीही नुसतं 'मी आबांना मानतो' म्हटलं, तर तासगावच्या पारावर ऐकणारा तुम्हाला आबांच्या गटात टाकणारच. म्हणून वडील आधी 'मत दिलं नाही' म्हणतात. तो अडसर लावल्यावर 'मानतो' ला गटाचा अर्थ घेता येत नाही, दुसरा अर्थ घ्यावाच लागतो. आणि क्रम पाहा. 'आबांना मानतो, पण मत दिलं नाही' असं उलटं म्हणून बघा. लगेच ती सबब वाटते, माफी मागितल्यासारखी. मत आधी आणि मानणं नंतर, हा क्रम आमच्याकडे सहसा कुणी चुकत नाही. व्याकरण न शिकलेली माणसंसुद्धा चुकत नाहीत.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या घरी. आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो. गाव कोरेगाव तालुक्यात. सोप्यात दाराच्या वर दोन तसबिरी शेजारी शेजारी होत्या, क्रांतिसिंह नाना पाटलांची आणि यशवंतराव चव्हाणांची. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही म्हणून लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या, आणि वरच्या बाजूने तसबीर पुढे झुकलेली, खालून बघणाऱ्याला तोंड दिसावं म्हणून. दसऱ्याची झाडलोट निघाली की तात्या दोन्ही काचा एकाच ओल्या फडक्याने पुसायचे. मला मोठेपणी कळलं की १९५७च्या निवडणुकीत हे दोघे समोरासमोरच्या बाजूंना होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाना पाटील साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर गेले. यशवंतराव त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, आणि कराडात ते थोड्या मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणं घेऊन माणसं रस्त्यावर उभी केली. त्यात तात्याही होते, भाकरी बांधून वाईकडे चालत गेले होते.

यशवंतरावांची तसबीर भिंतीवर आली ती १९६२ नंतर, चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तेव्हा. मी विचारलं, "तात्या, तुम्ही ह्यांच्या विरुद्ध ना?" तात्या काच पुसतच म्हणाले, "व्हय. त्यांच्या पार्टीला मत न्हाई दिलं कधी. पन मानतो त्यास्नी." एवढंच. नाना पाटलांबद्दल मात्र ते 'मानतो' असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्यांना ते 'आपलं नाना' म्हणायचे. आपल्या माणसाला मानतो म्हणावं लागत नाही. या वापरातलं मानणे हे पलीकडच्या बाजूच्या माणसासाठी राखलेलं आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

याच क्रियापदाची आणखी दोन रूपं आमच्याकडे राजकारणात चालतात. 'मानलं!' हे एका कृतीपुरतं. १९४३च्या जुलैत वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, खंदकात उडी घेतली, गोळी लागली. ही हकिकत सांगून झाली की ऐकणारा, मग तो कुठल्याही पार्टीचा असो, म्हणतो, 'मानलं गड्या.' तिथे कर्ता नाही, कर्म नाही, नुसतं नपुंसकलिंगी रूप, आणि अर्थ पुरा. दुसरं 'मानावं लागतं'. हे जरा हातचं राखून दिलेलं. 'बाकी काही असो, गाडगेबाबा अभियानात आबांनी गावं झाडून घेतली, मानावं लागतं' असं आबांचा कडवा विरोधकही बोलतो. 'लागतं' मध्ये मनाची नाखुशी आहे, पण कबुली खोटी नाही. वडिलांच्या 'मानतो' मध्ये ती नाखुशीही नाही. म्हणून ते वरचं.

उलट्या बाजूला आमच्याकडे 'जुमानत नाही' आणि 'मोजत नाही' आहेत. 'तो कुणाला मोजत नाही' हा पुढाऱ्याबद्दलचा वाईटातला शेरा. जुमानणे हे तर जवळजवळ नकारातच सापडतं; 'मी त्यांना जुमानतो' असं कोण म्हणणार?

पक्षही मानतात का, असं कुणी विचारेल. १९६३ मध्ये यशवंतराव नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. आबा २०१५च्या फेब्रुवारीत गेले, त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत प्रमुख पक्षांनी त्यांच्या पत्नीसमोर उमेदवार दिला नाही. २०१८ मध्ये पतंगराव कदमांच्या पश्चात पलूस-कडेगावची जागा बिनविरोध झाली. या गोष्टींत मानण्याचा भाग आहेच. पण पक्षाच्या निर्णयात हिशेबही असतो, त्यामुळे मी तो शब्द तिथे सढळपणे वापरणार नाही. पक्ष मान देतो. मान देणं म्हणजे पुढची खुर्ची, पहिला हार, मानाचा नारळ. ते ठरवून करता येतं, न आवडणाऱ्या पाहुण्यासाठीही करता येतं. मानणं ठरवून होत नाही. ते एकट्याच्या मनात होतं, आणि सांगितलं नाही तर कुणाला कळतही नाही.

'आदर करत असत' हा पर्यायही कुणी सुचवेल. चूक नाही, पण तो पुस्तकातला शब्द आहे, बागेत छाटणी करणाऱ्या माणसाच्या तोंडचा नाही. आदर पदाचाही असतो. राजकारणातलं मानणं फक्त माणसाचं.

राहिला अजातशत्रू. श्रद्धांजलीच्या फलकांवर हा शब्द फार दिसतो. 'ज्याचा शत्रू जन्मलाच नाही तो', असा बहुव्रीहि. महाभारतात युधिष्ठिराला म्हटलंय. मराठीत शेवटचा 'त्रू' दीर्घच लिहायचा. पण मगधाच्या राजाचं हेच नाव, आणि त्याने बापाला, बिंबिसाराला, कैदेत टाकलं. बौद्ध परंपरेत त्याच्या नावाची फोड 'जन्माआधीच शत्रू' अशी केली जाते. फोड बदलली की शब्द पार उलटा होतो, ही त्याची एक अडचण. मोठी अडचण दुसरी. आबांना विरोधक नव्हते असं म्हणायचं तर तुमचे वडीलच पुसले जातात. ते होते ना विरोधक! उभा जन्म विरुद्ध मत देऊन ज्याने मानलं, त्याच्या कबुलीचं वजन अजातशत्रू या शब्दात येत नाही. वाक्यात दोन माणसं आहेत. अजातशत्रूने एकच उरतो.

एक शेवटची सूचना, काळाबद्दल. वडील गेले, आबाही गेले, म्हणून कुणी 'मानत होते' अशी दुरुस्ती सुचवेल. ती करू नका. 'मानत होते' म्हटलं की मध्येच कधीतरी मानणं सुटलं, असा अर्थ निघतो. नाना पाटील १९७६ मध्ये गेले, तरी वाळव्याकडची माणसं आजही 'क्रांतिसिंहांना मानतो' असंच म्हणतात. वडील आबांच्या मागेही 'मानतो'च म्हणत असतील. अवतरणचिन्हात ते तसंच ठेवा, आणि खूण करणाऱ्या परिचितांना 'पालीच्या खंडोबाला मानतात' हे वाक्य वाचून दाखवा.