विचारा नानांना : मॅटाडोरचं घर आणि तापीकाठचा मेळावा

मागच्या अंकात शेवटी दोन ओळी सहज लिहिल्या होत्या. आत झोपता येईल अशी जुनी व्हॅन कोणाकडे असेल तर कळवा, हिवाळ्यात खान्देशातच कुठेतरी जमू. पोस्टमनने गॅरेजमध्ये येऊन गठ्ठा टाकला. बहुतेकांकडे व्हॅन नाही, व्हॅनचे फोटो आहेत. ज्यांच्याकडे खरोखर पत्रा, चाकं आणि गंज आहे, त्यांची पत्रं आधी घेतो.

नाना, वडिलांची १९८६ सालची मॅटाडोर व्हॅन खळ्यात उभी आहे. पिवळ्या पाटीवर, म्हणजे भाड्याने, तिने वऱ्हाडं वाहिली, शाळेची पोरं नेली. आता आत पलंग आणि ओटा करून कॅम्पर करायचा विचार आहे. मित्र म्हणतो, व्हिंटेजमध्ये नोंदव, मग पासिंगची कटकट नाही. खरं का?
— एक वाचक, शिरपूर

मित्राला चहा पाजा, सल्ला घेऊ नका. केंद्राचे व्हिंटेजचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी आणि मूळ रूपात राखलेली, असं ते गणित आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. तुमची गाडी २०३६ पर्यंत वयातच बसत नाही. शिवाय ती धंद्याला लागलेली आणि तुम्ही आत पलंग ठोकणार, म्हणजे मूळ रूपही गेलं.

पण समजा बसली, तरी मी सांगेन नोंदवू नका. व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीचं जाणं-येणं, एवढीच मुभा. म्हणजे शहाद्याच्या पंपावर डिझेल भरायला जाल, पण वाटलं म्हणून प्रकाशाला नदीवर मुक्कामाला जायचं नाही. घरात दागिने ठेवून कुलपाची किल्ली दुसऱ्याला दिल्यासारखं ते.

तुमचा रस्ता साधा आहे. आधी पिवळी पाटी उतरवून गाडी खासगी करा. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागतो, तो भरा. मग पलंगाचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या यादीत बिगर-वाहतूक वाहनांमध्ये आहे, तेव्हा दार बंद नाही. पण सुताराला बोलावण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या आणि लेखीच उत्तर घ्या. सीट काढल्या की आर.सी. बुकातली आसनसंख्याही बदलते, ते लोक विसरतात आणि नाक्यावर आठवतं.

आता गाडीचं. मॅटाडोरच्या इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना आहे. मागच्या चाकांकडे फिरता दांडा जात नाही, म्हणून तिचा तळ इतका खाली. आजीबाईसुद्धा कोणाचा हात न धरता चढायच्या. कॅम्परला याहून चांगला तळ नाही. पण याच कारणाने मागचं वजन वाढलं की चढावर पुढची चाकं हलकी पडतात, ओल्या मुरमावर जागच्या जागी फिरतात. फोटोत बघून लोक पाण्याची टाकी, बॅटरी, सिलिंडर सगळं मागच्या दाराशी लावतात. तुम्ही पाणी आणि बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे घ्या. मागे फक्त अंथरूण.

गाडी इतकी वर्षं खळ्यात उभी आहे म्हणता, तर किल्ली फिरवायची घाई नको. टाकीतलं जुनं डिझेल खाली काढा, तळाला काळा गाळ निघेल, तो इंजिनाच्या पंपात गेला तर नोझलचा खर्च वेगळा. वायरी उंदरांनी खाल्ल्या असतील असं धरूनच चला. चाकांचे ब्रेक सिलिंडर जाम झालेले असणार. टायरची नक्षी बघून भुलू नका, कडेला कोरलेले चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ते दहा वर्षांपूर्वीचं निघालं तर नक्षी कितीही खोल असो, टायर बैलगाडीला द्या.

गॅसचं एक. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. वरची खिडकी उघडी असून भागत नाही, सिलिंडरच्या कप्प्याला तळातच बाहेर जाणारं भोक हवं. आणि डिसेंबरात आपल्याकडे पारा दहाच्या खाली गेला तरी कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचं नाही. त्या धुराचा घातक वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. गोधड्या वाढवा.

नाना, सगळ्या फोटोंमध्ये ती एकच गोल तोंडाची जर्मन व्हॅन का असते? आपल्या भागात ती कधी आली होती का?
— एक विद्यार्थिनी, चोपडा

बेटा, ती फोक्सवॅगनची व्हॅन. आली होती. मी हाफ चड्डीत होतो तेव्हा.

आधी तिची जन्मकथा. बेन पॉन नावाचा डच व्यापारी फोक्सवॅगनच्या मोटारी हॉलंडात विकायचा. कारखान्यात माल इकडून तिकडे न्यायला कामगारांनी जोडलेला सपाट गाडा त्याने पाहिला आणि एप्रिल १९४७ मध्ये वहीत एक डब्यासारखं चित्र काढलं. मार्च १९५० पासून ती व्हॅन कारखान्यातून बाहेर पडू लागली. ११३१ सीसीचं इंजिन, ताकद पंचवीस घोडे. आपल्या मारुती ओम्नीलाही त्याहून जास्त. १९५१ पासून वेस्टफालिया नावाच्या जर्मन कंपनीने तिच्यात पलंग, कपाट, टेबल बसवून द्यायला सुरुवात केली. सामानाची जागा इंजिनाच्या वर, कारण इंजिन मागे. १९६७ पर्यंतच्या गाडीची पुढची काच दोन तुकड्यांची, नंतरच्या गाडीची एकसंध. शौकीन माणूस काच बघूनच साल सांगतो. जर्मनीत ही एकसंध काचेची पिढी १९७९ ला थांबली, ब्राझीलमध्ये मात्र २०१३ पर्यंत बनत होती.

आता आपला भाग. सत्तरच्या दशकात लंडन, ॲमस्टरडॅमकडून पोरं-पोरी इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत दिल्लीला यायची. त्यातली गोव्याला जाणारी काही आग्रा रोडने उतरायची. बिजासनचा घाट उतरला की पळासनेर, शिरपूर, धुळे. वडिलांचं गॅरेज याच रोडवर. एका उन्हाळ्यात अशी एक व्हॅन दारात येऊन थांबली, मागे 'डी' अक्षराची पांढरी चकती, म्हणजे गाडी जर्मनीची. फॅन बेल्ट तुटलेला. त्या गाडीला रेडिएटर नाही, इंजिन वाऱ्यावरच थंड होतं, आणि वारा घालणारा पंखा त्याच बेल्टवर. बेल्ट गेला की दहा मिनिटांत इंजिन भाजतं. वडिलांनी भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले बेल्ट एकेक करून लावून पाहिले आणि भलत्याच गाडीचा एक बसवला. तोवर त्या बाईने आतल्या आत स्टोव्ह पेटवून सगळ्यांना चहा दिला. मिस्त्रीला गाडीतून चहा मिळतो, हे आमच्या आळीला नवलच.

वडिलांना ती गाडी विकत हवी होती. पण असे प्रवासी कार्नेट नावाच्या कागदावर गाडी आणायचे. ती देशाबाहेर परत नेली नाही तर जबर जकात. सौदा तिथेच संपला. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ताच बंद पडला. ही व्हॅन आपल्या देशात कधी बनली नाही, म्हणून इथे जी आहे ती कोणीतरी बाहेरून आणलेली. तिच्या नादात कर्ज काढू नकोस. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आपल्याकडे गावोगाव होती, तिचे पार्ट अजून भंगार बाजारात मिळतात, आणि तिचा आवाज ओळखणारे मिस्त्री अजून हयात आहेत.

मेळावा भरवायचाच तर जागा कोणती? सारंगखेड्याच्या यात्रेत भरवला तर लोकही येतील. आम्ही चार मित्र, दोन ओम्नी, एक टेम्पो ट्रॅव्हलर.
— वाचक मित्रमंडळ, जळगाव

यात्रा मला प्राणाहून प्रिय, पण मेळावा तिथे नको. दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा, घोड्यांचा बाजार, देशभरचे व्यापारी. धूळ इतकी की एअर फिल्टर दुसऱ्या दिवशी झटकावा लागतो. आणि कुणीतरी जुना हॉर्न वाजवणार, बाजूला लाखांचा घोडा उधळणार, मग भांडण घोडेवाल्याशी. यात्रा बघायला गाड्या लांब लावून पायी जा.

लोक येतील म्हणता, पण बघे कशाला हवेत? मोठ्या शहरांतल्या जुन्या मोटारींच्या रॅलीत दोरी बांधून गाड्या चमकवतात, फोटो काढतात, चषक वाटतात. जर्मनीत २००७ साली हॅनोवरला त्या फोक्सवॅगन व्हॅनची साठी (पॉनच्या चित्रापासून धरून) साजरी झाली, तिथे देशोदेशीचे मालक त्याच गाड्यांतून आले आणि त्यांतच झोपले. मला हे दुसरं आवडतं. गाडी चालत आली पाहिजे. ट्रेलरवर चढवून आणलेल्या गाडीला आमच्या मेळाव्यात प्रवेश नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

जागा माझ्या मते तापीकाठचं खासगी शेत, मालकाच्या परवानगीने. पाल, पाटणादेवी ही ठिकाणं सुंदर, पण ती अभयारण्याच्या हद्दीत येतात. तिथे वाटेल तिथे गाडी लावून रात्र काढता येत नाही, वनखात्याला आधी विचारावं लागतं. महिना जानेवारी. कपाशीची वेचणी उरकत आलेली, पऱ्हाट्या वाळलेल्या, बामणोदची वांगी बाजारात. भरताला वेगळं जळण आणायची गरज नाही. कळण्याची भाकरी एखाद्या घरून सांगा, व्हॅनमधल्या गॅसवर ती थापायला जाऊ नका, पीठ पडद्याला लागतं.

पहिल्या रात्री प्रत्येकाने आपल्या गाडीचा एक दोष सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढंच काम, हात काळे. ओम्नीवाल्या दोघांनी पेट्रोलची रबरी नळी बघून घ्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि ओम्नीत इंजिन तुमच्या बसायच्या जागेखालीच आहे. टेम्पो ट्रॅव्हलर मेळाव्यात चालेल. ती व्हिंटेज नाही म्हणून नाक मुरडणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते. तेव्हा जमलं तर?
— एक पालक, भुसावळ

तुम्ही भुसावळचे असून हे विचारता? पारा पंचेचाळीसवर, पत्र्याचा डबा, आत पोरं. नाही. मेळावा जानेवारीतच. मुलांना सुट्टीत फिरवायचं तर दिवाळीत न्या.

तोरणमाळला जुनी व्हॅन नेली तर चढेल का?
— एक शिक्षक, नंदुरबार

चढेल हो सर. सगळे चढण्याचंच विचारतात. साडेतीन हजारांहून जास्त फुटांवर जाऊन यशवंत तलावाच्या काठी चहा पितात आणि येताना डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात. जुन्या गाडीला बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सतत ब्रेक दाबून ते तापले की पाय तळापर्यंत जातो आणि गाडी मात्र ऐकत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. वळणाआधी ब्रेक दाबून वेग तोडा आणि सोडून द्या, पाय ठेवून बसू नका.

निघण्याआधी ब्रेक ऑइल पूर्ण बदला, वरून भर घालू नका. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाहीत. जळका वास आला तर कडेला घ्या, चाकाखाली दगड लावा आणि अर्धा तास बसा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, की हा मुक्काम ठरलेला आहे.

नाना, आमच्या ह्यांनी व्हॅन घेतली. पलंग झाला, पडदे झाले, गाण्यांचा स्पीकर झाला. बाथरूमचं विचारलं तर म्हणाले, निसर्ग आहे ना! मी जावं का?
— एक वहिनी, अमळनेर

वहिनी, हे पत्र मी घरी वाचून दाखवलं आणि आमच्या मंडळींनी ते हातातून घेतलं. उत्तर त्यांचं, मी फक्त लिहून घेतलं.

त्या म्हणतात : स्पीकर विका. त्या पैशात झाकणाचं, खालची टाकी काढता येणारं लहान संडासाचं भांडं येतं, ते घ्या, आणि मागच्या दाराला अडकवायचा उभा तंबू शिवून घ्या. जाड कापड, खाली शिसं नाहीतर वाळूच्या पिशव्या, नाहीतर तापीकाठच्या वाऱ्याने तो डोक्यावर येतो. टाकी रिकामी करायचं काम तुमच्या ह्यांचं, हे निघण्याआधी ठरवा, घाटात नको. मुक्कामाची जागा तुम्ही निवडा आणि उजेड असताना पोचा. वाटेत मोठ्या पंपावर थांबा, डिझेल लागो न लागो. ह्या अटी मान्य असतील तर जा. नसतील तर त्यांना एकट्याला पाठवा, आणि सोबत भाकरी देऊ नका.