मॉसबर्ग ५०० या पंप शॉटगनचा रिसीव्हर, म्हणजे आतले चालते भाग धरून ठेवणारा मधला सांगाडा, ॲल्युमिनियमचा आहे, मग तो रेमिंग्टन ८७० या तशाच शॉटगनच्या पोलादी रिसीव्हरपेक्षा कमकुवत ठरतो का?

नाही, बार उडताना तरी ठरत नाही, कारण काडतुसाचा मुख्य दाब रिसीव्हरवर येतच नाही. पंप, म्हणजे नळीखालची सरकती मूठ, पुढे ढकलली की बोल्टमधला (काडतुसामागे बसणाऱ्या पोलादी ठोकळ्यामधला) लॉकिंग लग, म्हणजे अडकवणारा खटका, वर उचलला जातो आणि नळीच्या मागच्या पोलादी भागातल्या खाचेत बसतो. म्हणजे दाब पेलतं ते पोलादच. १९५० साली आलेल्या रेमिंग्टन ८७० मध्येही बोल्ट असाच थेट नळीला अडकतो, फक्त तिचा रिसीव्हर पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला असतो. ॲल्युमिनियमने वजन घटतं, शिवाय गंज चढत नाही, आणि दमट हवेत हे फार मोलाचं आहे.

झिजेचा मुद्दा मात्र खरा आहे. पोलादी बोल्ट आणि ॲक्शन बार (पंपाला बोल्टशी जोडणाऱ्या पट्ट्या) रिसीव्हरच्या आत सतत घासतात. तिथली जळकी दारू पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त तेलात काजळी आणि धूळ चिकटते, पंप जड चालायला लागतो.

आणि सफाईआधी चेंबर (काडतूस उडतं ती जागा) व मॅगझिनची नळी (पुढची काडतुसं साठतात ती), दोन्ही डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. चेंबर रिकामं दिसलं तरी मॅगझिनच्या नळीत काडतूस उरलेलं असू शकतं.