शाळेत आमचं काय चालतं?

प्रश्न: ताई, आम्ही गोव्यातल्या केपे तालुक्यातले, गावडा समाजातले. मुलगी दुसरीत आहे, सरकारी मराठी शाळेत. वहीत चित्राखाली तिनं 'उदक' लिहिलं तर त्यावर लाल रेघ मारून 'पाणी' लिहून दिलं. तेव्हापासून ती वर्गात तोंडच उघडत नाही. मी भेटायला गेलो तर बाई म्हणाल्या घरी शुद्ध बोला. आम्हा अडाणी माणसांचं शाळेत काही चालतं का?

उत्तर: दादा, चालतं, आणि स्वतःला अडाणी म्हणू नका. आधी त्या रेघेचं बोलते कारण ती मला फार लागली. उदक हा मराठीतलाही जुना शब्द आहे हो, आपण 'उदक सोडलं' म्हणतोच की! मुलीला सांगा तुझा शब्द बरोबर आहे, पाणी हा दुसरा शब्द, दोन्ही येऊ देत. सात वर्षांच्या पोरीला घरची कोकणी चुकीची वाटायला लागली की ती गप्पच बसणार.

आता हक्काचं. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतलं, म्हणजे आदिवासींसाठी जाहीर केलेलं क्षेत्र इथे नाही म्हणून पेसा, म्हणजे अशा भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू होत नाही. तरी 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहेच. त्यात सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं हेही त्याच कायद्यात आहे. समितीत कोण आहे ते विचारा, नुसती सहीपुरती असेल तर पुढच्या वेळी तुम्ही आणि वहिनी दोघं उभे राहा.

आणि बैठकीत एकच मागणी धरून ठेवा, पौषात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागी, धालो ही नाचत म्हणायची लोकगीतं गाणाऱ्या बायकांना वर्गात बोलवा, त्यांची गाणी मुलांनी वहीत उतरवायची, घरच्या शब्दांत, लाल पेन न लावता. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी 1982 मध्ये असंच सुरू केलं, भाषा मरायला टेकली होती तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांनाच बालवाडीत बसवलं, बोलायचं फक्त माओरीत, मग त्यातूनच पुढे त्यांच्या स्वतःच्या शाळा उभ्या राहिल्या.

बाईंशी भांडू नका मात्र, त्यांनाही मांडावर बोलवा. लाल रेघेची ती वही जपून ठेवा, पहिल्या बैठकीला सोबत न्या.