घर बदलताना जुनं सामान दारात मांडून विकावं, की भंगारवाल्याला उक्तं देऊन टाकावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या इंदिरानगरमधला फ्लॅट सोडून पुढच्या महिन्यात बंगळुरूला जायचंय, सासूबाईंच्या वेळचं तांब्या-पितळेचं आणि लाकडी सामान बरंच आहे. अमेरिकेत यार्ड सेल करतात तसं पार्किंगमध्ये मांडून विकावं असं तुम्हाला वाटतं, आणि मिस्टर म्हणतात, एवढ्यासाठी आठवडा कोण घालवणार, उक्तं देऊन टाकू. त्या ‘उक्तं’मुळे, म्हणजे नग न मोजता सगळ्याला मिळून एकच भाव घेण्यामुळे, मी हे लिहायला बसलो.

मांडून विका. उक्तं देऊ नका.

1978 साली माझ्या अक्काचं लग्न ठरलं, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. वडील आजारी, थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, नुकते नोकरीला लागलेले. पैसे कमी पडत होते. अण्णांनी माडीवरची सहा भांडी खाली काढली. तांब्याचं घंगाळ मी सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि पंचवटीतून होळकर पुलावरून आम्ही दोघं भांडी बाजारात गेलो. दुकानातल्या माणसाने घंगाळ उलटं केलं, कड्या काढून घेतल्या. ते पारड्यात मावेना, म्हणून माझ्यासमोर घणाने दोन्ही बाजूंनी ठोकून चपटं केलं. त्या घंगाळात आईने आम्हा तिघांना न्हाऊ घातलं होतं. संध्याकाळी तिने मला विचारलं, “घंगाळ कोणी घेतलं रे?” कोणीतरी बाई ते आपल्या घरी घेऊन गेली असेल, असंच तिला वाटत होतं. मी म्हणालो, “कोणी नाही घेतलं, मोडीत घातलं.” आई पुढे काही बोलली नाही. लग्न झालं, चांगलं झालं, आणि ते अण्णांमुळे झालं हे मी कधीही नाकारलेलं नाही.

आता आम्ही मांडून विकलं त्या आठवड्याकडे येतो. आमचा वाडा गणेशवाडीच्या बाजूला, नदीजवळ. आई गेल्यावर तीन वर्षं कुलपात होता. मग तिघांच्या सह्यांनी तो बांधकामाला द्यायचा ठरला आणि मे महिन्यात बांधकाम करणाऱ्याने सांगितलं, पावसाच्या आत रिकामा हवा. अण्णांनी एका भंगारवाल्याला आणून दाखवलं. त्याने माडी, चौक, स्वयंपाकघर फिरून सगळ्याचे मिळून उक्ते अठरा हजार सांगितले. अण्णा तयार होते. मी म्हटलं, “अण्णा, मला एक आठवडा द्या. सोमवार ते रविवार.” ते म्हणाले, “वाड्याच्या दारात बसून भांडी विकणार तू? आपण काय पथारी लावणारे आहोत? वडिलांचं नाव आहे या गल्लीत.” हेच वाक्य पुढे सात दिवस ऐकलं.

मी चौतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. नग मोजल्याशिवाय आणि नोंद केल्याशिवाय माझ्या हातून काही बाहेर जात नाही. सोमवारी सकाळी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: अनुक्रम, वस्तू, अवस्था, सांगायचा भाव, शेवटचा भाव, कोणी नेलं. सून पुठ्ठ्याचे बिल्ले कापून दोरा ओवत होती, मुलगा माडीवरून सामान उतरवत होता, सौ. आणि सिन्नरहून आलेली अक्का चौकात बसून चिंच आणि राखेने पितळ घासत होत्या. खालच्या मजल्यावर विकण्याजोगं फार काही नव्हतंच. 2008, 2016 आणि 2019, तिन्ही पुरांचं पाणी आत आलेलं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की आमच्याकडे सामान माडीवर चढायचं, जे चढलं ते वाचलं. प्लायवूडची कपाटं फुगून फुटली होती. सागवानी फडताळ मात्र तिन्ही पुरांतून जसंच्या तसं निघालं, तळाला फक्त पाण्याची रेघ. ती रेघ घासून काढू नका असं मी मुलाला सांगितलं. घेणाऱ्याला दिसू दे.

मंगळवार पूर्ण दिवस ट्रंकांमध्ये गेला. आईच्या साड्यांच्या घड्यांत पाचशेच्या तीन जुन्या नोटा निघाल्या, नोव्हेंबर 2016 च्या आधीच्या, आता नुसता कागद. तुम्हीही प्रत्येक घडी, प्रत्येक डबा, कपाटाचा चोरकप्पा उघडून बघा. उक्तं देणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

बुधवारी मी आणि मुलगा गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात गेलो, नव्या विळ्या, तवे, खलबत्ते केवढ्याला जातात ते लिहून घेतलं. तिथून भांडी बाजारात जाऊन दोन दुकानांत त्या दिवशीचा तांब्याचा आणि पितळेचा मोडीचा भाव विचारला. भाव लावायची माझी पद्धत एवढीच: मोडीचा भाव हा तळ, नव्या वस्तूच्या भावाच्या निम्मं हे छत, आपला भाव या दोन्हींच्या मध्ये. मोडीत दुकानदार वजनात घट धरतात, आणि ती धरायला जागा असते. मोठ्या भांड्यांच्या काठात लोखंडी तार दुमडलेली असते, कड्या लोखंडी असतात, सांध्याला दुसऱ्या धातूचा डाग देऊन जोडलेलं असतं. ठोक्याचं भांडं आणि मशिनवरचं भांडं मोडीत एकाच भावाने जातं, घरी वापरणाऱ्याला मात्र फरक कळतो. हातोडीच्या खुणा दिसणाऱ्या पातेल्यांना मी भाव जास्त लावला आणि तो मिळाला. चार पातेल्यांना आधी कल्हई करून घेतली. कथील आणि नवसागराचे पैसे गेले, पण कल्हई केलेलं पातेलं बघून बायका लगेच विचारतात, यात आमटी करता येईल ना? न केलेलं पातेलं शोभेला म्हणून मागतात आणि शोभेचा भाव देतात.

गुरुवारी भांडण झालं. अण्णा आणि वहिनी आले. चौकात सगळं ओळीने लावलेलं, एकेकाला बिल्ला. अण्णांनी बंबाचा बिल्ला हातात धरून वाचला. अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब, आत निखाऱ्याची नळी, खाली जाळी, तोटी पितळी. म्हणाले, “आईच्या वस्तूंना किंमत लावतोस?” मी म्हणालो, “अण्णा, किंमत भंगारवाल्यानेही लावलीच होती की. त्याने सगळ्यांना मिळून एक लावली, मी प्रत्येकीला वेगळी लावली.” वहिनी म्हणाल्या, “भावजी, वाटून टाका ना गरिबांना, पुण्य तरी लागेल.” त्यावर अक्का भडकली. “अगं, पुण्य लागेल म्हणून काय कुणाच्या दारात फुटक्या बरण्या नेऊन ठेवायच्या?” अक्का बरोबर बोलली. फुकटच्या वस्तूला लोक हात लावत नाहीत आणि लावला तरी ती जपत नाहीत. कपबश्यांचं एक खोकं मी शुक्रवारी दारात ‘घेऊन जा’ लिहून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत तसंच. रविवारी त्याच कपबश्यांना जोडीला दहा रुपये लिहिले, अकरापर्यंत संपल्या. दहा रुपये देणारा कप उजेडात धरून तडा आहे का बघतो, म्हणजे तो त्यातून चहा पिणार आहे.

शुक्रवार-शनिवार आवरण्यात आणि गल्लीत सांगण्यात गेले. सुनेने फोटो काढून ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, मी रामकुंडाच्या रस्त्याला लागणाऱ्या दोन चहाच्या टपऱ्यांवर हाताने लिहिलेले कागद चिकटवले. सुट्टे पैसे आधीच आणून ठेवा, दहाची नाणी आणि वीस-पन्नासच्या नोटा. क्यूआर कोड मुलाचा होता, पण म्हातारी माणसं रोखच देतात.

रविवारी सकाळी सहाला दार उघडलं. मे महिन्यात अकराच्या पुढे अंगणात कोणी उभं राहत नाही, म्हणून पहाट. पहिल्या तासात पाट, चौरंग, विळ्या, सोऱ्या, पितळी डबे गेले. पाटा-वरवंटा दोन माणसांनी उचलून रिक्षात घातला. धान्याची मापं, पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, पाचही एकत्र होती. ती सुटी मागणारे चार जण परतवले. शेवटी मेरी कॉलनीतल्या एका शिक्षकांनी पूर्ण संच नेला, वर्गात दाखवायला. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली, हे मुलांना पाणी ओतून दाखवणार म्हणाले. मी सांगितलेल्या भावातून शंभर रुपये आपणहून कमी केले.

मग बंब. साडेआठच्या सुमाराला एक व्यापारी आला, पिशवीतून हुकाचा वजनकाटा काढला, बंब उचलून लटकवला आणि म्हणाला, “सात हजार, आत्ता रोख.” त्याच्या मागे मखमलाबादचं एक जोडपं उभं होतं. त्यांच्या मळ्यात घर आहे, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या ढिगाने पडतात, बंब रोज पेटेल असं बाईंनी सांगितलं. त्यांनी तोटी फिरवून बघितली, नळीत हात घालून बघितला, जाळी कुठे मिळेल ते विचारलं. त्यांच्याकडे साडेपाच हजार होते. मी बंब त्यांना दिला.

अण्णा ओसरीवरून उठून आले. आठवडाभर पैसे घेणं हाच कमीपणा म्हणणारे अण्णा म्हणाले, “पंधराशे रुपये सोडलेस? तो तिघांचा बंब होता.” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “अण्णा, तुमच्या वाट्याचे पाचशे मी भरतो. पण हा बंब कोणी घेतला ते मला वहीत लिहिता येतंय.” मोठ्या भावाशी मी असं याआधी कधी बोललो नव्हतो. मला त्याचं वाईट वाटतं, पण बंब दिला त्याचं वाटत नाही.

हिशेब असा: वहीत 212 नग, विकले 181. जमा 46,270 रुपये, चहा, दोरा, कल्हई मिळून खर्च 640. राहिले 45,630, तिघांना प्रत्येकी 15,210. अण्णांच्या पाकिटात पाचशे वरून घातले. अक्काने तिचे पाचशे घेतले नाहीत. अण्णांनी पाकीट उघडून मोजून घेतलं. अजूनही लग्नाकार्यात कोणी विषय काढला की ते म्हणतात, आमच्या धाकट्याने वाड्यात बाजार मांडला. हो, मांडला. अठरा हजारांच्या जागी शेहेचाळीस हजार आले, हे ते सांगत नाहीत, म्हणून मी इथे सांगतोय.

काय विकू नये तेही ऐका. देव्हाऱ्यातले देव आणि टाक विकू नका, घरातल्या कोणाकडे तरी जाऊ द्या. कपडे मांडू नका, ते बोहारणीला द्या, तिला त्यातलं कळतं. गाद्या कोणी घेत नाही. जुनी गोदरेजची कपाटं हमखास जातात, पण किल्ली हवी, किल्लीविना भाव निम्म्यावर येतो. पुस्तकं आणि दिवाळी अंक रद्दीत घालण्याआधी एक दिवस वेगळ्या टेबलावर ठेवा.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट राहिली: आमचं अंगण स्वतःचं होतं, माणसं सहा होती आणि मी निवृत्त आहे. तुमची सोसायटी आहे. पार्किंगमध्ये मांडायचं तर सेक्रेटरींना आधी लेखी विचारा आणि गेटवरच्या माणसाला कोण येणार ते सांगून ठेवा. दोघंच असाल तर आठवडा पुरणार नाही, रोज संध्याकाळी दोन तास असं आत्तापासून लागा. आणि पैशांची खरोखर नड असेल तर तांब्याच्या जड वस्तू भांडी बाजारात दोन दुकानांत विचारून मोडीतही घाला, आमच्या बंबाला तिथे जास्तच मिळाले असते. अण्णांनाही 1978 साली तशी नड होतीच. उक्तं मात्र तरीही नको. मोडीतसुद्धा एकेक नग तोलून द्या आणि कड्या काढल्या तर परत मागून घ्या.

तुमच्या फोटोत डावीकडे जो पितळी कडीचा डबा आहे, त्याचं झाकण फिरकीचं दिसतंय. ते आत्ताच डब्याला दोऱ्याने बांधून ठेवा. हलवाहलवीत झाकण हरवलं तर डबा पडून राहतो, आमचे तसे चार राहिले.