मंदीत सरकार हात सैल का सोडत नाही?

प्रश्न : दादरला आमचं तयार कपड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक रोडावलंय. अशा वेळी सरकारने कर कमी करून खर्च वाढवावा, असं पुस्तकात असतं. मग अडचण काय? पैसे कमी पडले तर नोटा का छापत नाहीत?

उत्तर : पुस्तकातलं खरंच आहे, पण सरकारच्या हातात मोकळा पैसा थोडाच असतो. 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या रुपयातले 22 पैसे राज्यांच्या करवाट्याला, 20 जुन्या कर्जाच्या व्याजाला, 8 संरक्षणाला आणि 4 पेन्शनला लावले होते. निम्म्याहून जास्त रुपया इथेच संपला. शिवाय येणाऱ्या रुपयातले 24 पैसे उसनेच!

करकपात लवकर पोचते, पण खर्च होईलच असं नाही. 2025च्या आयकर-कपातीत 12 लाखांच्या उत्पन्नावर वर्षाला 80,000 रुपये वाचले, म्हणजे महिन्याला साधारण 6,700. त्यातून कपडे घेतले तर पैसा तुमच्या गल्ल्यात. गृहकर्ज लवकर फेडलं तर बँकेत. जो आयकर भरतच नाही, त्याला यातलं थेट काहीच मिळत नाही.

जीएसटीचा परिणाम तुम्हाला जास्त जवळचा. 22 सप्टेंबर 2025पासून 2,000 रुपयांच्या ड्रेसवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला : 2,240चं बिल 2,100 झालं. मात्र 2,500च्या वरच्या कपड्यावर 12चे 18 झाले, म्हणजे 3,000ची शेरवानी 3,360 ऐवजी 3,540ला. लग्नसराईच्या गिऱ्हाइकाला हे लगेच कळतं.

बांधकामावरच्या खर्चाचा हिशेब वेगळा. त्यातून रोजगार मिळतो, पण वेळ फार जातो. मुंबईची भुयारी मेट्रो 3 बघा : काम 2017च्या आसपास जोरात सुरू झालं, आरे-बीकेसी टप्पा ऑक्टोबर 2024ला आणि कफ परेडपर्यंतची गाडी ऑक्टोबर 2025ला. आजच्या मंदीवर हे औषध लागू पडेपर्यंत दुखणं बदललेलं असतं.

नोटांचं म्हणाल, तर 2003च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यामुळे एप्रिल 2006पासून रिझर्व्ह बँक नोटा छापून सरकारचे नवे रोखे (म्हणजे कर्जाचे कागद) थेट सरकारकडून घेत नाही. त्याला अपवाद आहेत, पण मोजकेच. सरकारला बाजारातच लिलाव करून कर्ज उभारावं लागतं. कर्ज फार उचललं की रोख्यांवरचं व्याज चढतं, आणि तुमच्या दुकानाच्या कॅश-क्रेडिटचा (खेळत्या भांडवलाच्या बँक-कर्जाचा) दरही त्याच दिशेने सरकतो.