महाबळेश्वरला दोन रात्रींत काय पाहावं आणि काय सोडावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात दोन रात्रींसाठी महाबळेश्वरला जाताय, स्वतःची गाडी आहे, सोबत सत्तरीच्या आई आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. हॉटेलवाल्याने 'बारा पॉइंट, अर्धा दिवस' असं जीपचं पॅकेज सांगितलंय, ते घ्यावं का? आणि प्रतापगड आईंना जमेल का?

आधी पॅकेजला नाही म्हणून सांगा. मी एकदा घेतलंय. पाहुणे आले होते आणि त्यांच्याकडे वेळ कमी होता, म्हणून. साडेचार तासांत नऊ पॉइंट झाले. गाडी थांबली की चालक म्हणायचा, "दहा मिनिटं." की आम्ही उतरायचो, कठड्याला टेकून फोटो काढायचो, मक्याचं कणीस घ्यायचो आणि परत गाडीत. रात्री जेवताना पाहुण्यांना विचारलं, काय आवडलं? कुणाला एक नाव धड आठवेना. "ते माकडं होती बघ, ते," एवढंच उत्तर आलं.

दोष त्यांचा नाही. आर्थर, केट, बॅबिंग्टन, विल्सन, लॉडविक या नावांवरून समोर काय आहे याचा काडीचा पत्ता लागत नाही. १८२४ मध्ये जनरल लॉडविक इथे चढून आला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमने इथे आजारी गोऱ्यांसाठी हवा खाण्याचं ठाणं मांडलं, आणि पुढल्या वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह करून, वाईजवळचं खंडाळा गाव त्यांना देऊन, ही जागा इंग्रजांनी घेतली. मग गावाचं नाव झालं माल्कम पेठ आणि कड्यांना साहेबांची, त्यांच्या लेकीबाळींची नावं लागली. केट ही या माल्कमचीच मुलगी म्हणतात. पण कड्याखाली जे दिसतं त्याचा या मंडळींशी संबंध नाही. खाली दिसतात ती नद्यांची खोरी. हे एकदा ध्यानात घेतलं की बाराऐवजी तीनच ठिकाणं पाहिली तरी भागतं.

मी वाईचा. लहानपणी आजीबरोबर क्षेत्र महाबळेश्वरला गेलो होतो. हे जुनं गाव, बाजारापासून सहा किलोमीटरवर. तिथल्या पंचगंगेच्या मंदिरात गोमुखातून अखंड धार पडते. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचं पाणी त्या एका धारेत आहे अशी श्रद्धा. (भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, असंही तिथले लोक सांगतात.) आजी तांब्या भरता भरता म्हणाली, "हेच पाणी आपल्या घाटावर येतं." मी काय केलं, हातातलं बेलाचं पान कुंडात सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाईच्या गणपती घाटाच्या पायरीवर जाऊन बसलो. अकरा वाजेपर्यंत. शेवटी काकाने कानाला धरून घरी नेलं. मधे धोम धरण आहे आणि पान तिथवर पोचलं तरी तिथेच अडकणार, हे मला बरंच नंतर कळलं.

म्हणून माझा सल्ला: पहिली सकाळ क्षेत्र महाबळेश्वरला द्या, तीही आठच्या आत. नऊनंतर गाड्या लागायला लागतात आणि देवळाच्या वाटेवर टोप्या-चपलांच्या दुकानांतून अंग चोरत जावं लागतं. पंचगंगा आणि महाबळेश्वर ही दोन्ही देवळं जवळजवळ आहेत, आईंना फार चालावं लागणार नाही. महाबळेश्वराची पिंडी घडवलेली नाही, खाचाखळग्यांचा स्वयंभू खडक आहे. त्या खळग्यांत पाणी साठलेलं असतं, ते मुलीला वाकून पाहू द्या. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला इथेच केली.

पण बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात आणि खरी जागा चुकवतात. पंचगंगेपासून थोडं पुढे पायवाटेने गेलं की कृष्णाईचं देऊळ लागतं. काळा दगड, त्यावर शेवाळ, पुढे कुंड आणि गोमुख, आणि देवळाच्या मागून सरळ खाली कृष्णेचं खोरं. तिथे गर्दी अशी मला कधी दिसलेली नाही. वाट ओबडधोबड आहे, आईंना काठी द्या आणि पायात चप्पल नको, बूट हवेत. जमलं नाही तर आई पंचगंगेच्या देवळाबाहेर चहा घेत बसतील, पण तुम्ही मुलीला घेऊन नक्की जा.

तिथून गाडी तशीच पुढे आर्थर सीटला न्या. रस्ता जंगलातून जातो, शेवटी थोडं चालणं आणि काही पायऱ्या आहेत. ज्याच्या नावाने हे ठिकाण आहे त्या आर्थर मालेटची बायको-मुलं खाली सावित्रीत होडी बुडून गेली आणि तो इथे बसून त्या खोऱ्याकडे पाहत राहायचा, अशी गोष्ट तुम्हाला प्रत्येक गाईड सांगेल. ती ऐका, पण खाली बघा. पश्चिमेला सावित्रीचं खोरं आहे, कोकणात एकदम कोसळलेलं. पाठीमागे, पूर्वेला, जोरचं खोरं, ते कृष्णेचं. तुम्ही उभे आहात ती चिंचोळी धार म्हणजे पाण्याची वाटणी आहे. या बाजूला पडलेला थेंब पोलादपूर-महाडवरून हरिहरेश्वरजवळ अरबी समुद्राला मिळतो. त्या बाजूचा थेंब वाई, कराड, सांगली करत, कर्नाटक-तेलंगण ओलांडून, सुमारे चौदाशे किलोमीटर हिंडून आंध्रात बंगालच्या उपसागरात जातो. पुराणातली कथा अशी की ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्री उशिरा पोचली, तोवर तिच्या जागी गायत्रीला बसवलं होतं. ती संतापली, तुम्ही सगळे नद्या व्हाल असा तिने देवांना शाप दिला, आणि स्वतः रुसून पश्चिमेला गेली. नऊ वर्षांच्या मुलीला भूगोल शिकवायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

समोरच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतील, एकावर एक रचलेले. ते लाव्ह्याचे थर आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. वारा खोऱ्यातून वर चढत असेल तर वाळलेलं पान सोडून बघा, ते खाली न जाता उलट वर येतं. लोक यासाठी बाटल्यांची झाकणं टाकतात. तुम्ही टाकू नका, सगळीच परत येत नाहीत.

दुपारी हॉटेलवर झोपा. गंमत नाही करत, आईंसाठी तरी झोपाच. संध्याकाळी सूर्यास्ताला सगळं गाव मुंबई पॉइंटला लोटतं. तिथली गर्दी सोसत असेल तर जा. तिथून कोयनेचं खोरं आणि प्रतापगड दिसतो. पण मी त्या वेळी वेण्णा तलावावरही जाणार नाही. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधलेला सुंदर तलाव आहे, पण संध्याकाळी होडीची रांग, घोडे आणि हॉर्न. तिथे जायचं ते पहाटे. डिसेंबरअखेर चांगली थंडी पडली असेल तर होडीच्या धक्क्यावरच्या लाकडावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठलेलं मिळतं. मुलीने बोटाने खरवडलं तर नखात पांढरा चुरा येतो. त्यासाठी सूर्य वर यायच्या आत पोचा, आईंना कानटोपीत ठेवा.

दुसरा दिवस प्रतापगडाचा. बाजारापासून साधारण चोवीस किलोमीटर, पण आंबेनळी घाटाची वळणं आहेत, तासभर धरून चाला. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा. आईंचं उत्तर असं: गाडी खूप वर जाते, पण पुढे शेकडो पायऱ्या आहेत. गुडघे बरे असतील तर भवानीच्या देवळापर्यंत सावकाश जमतं. बालेकिल्ल्याची शेवटची चढण टाळली तरी चालेल. नाहीच जमलं तर खाली पिठलं-भाकरी आणि ताक मिळतं, तिथे बसून त्या तुमची वाट पाहतील. गड मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ ते १६५८ या काळात बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याशी अफझलखान मारला गेला, हे मुलीला शाळेत शिकवलेलं असेलच. शाळेत सांगत नाहीत ते बुरुजावरून दाखवा: जावळीचं रान. वाईकडून एवढी फौज घेऊन आलेला खान इथे का अडकला, ते पुस्तकात वाचून कळत नाही, त्या दाट हिरव्या खड्ड्याकडे बघून कळतं. वर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १९५७ मध्ये नेहरू त्याच्या अनावरणाला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी पसरणी घाटात काळे झेंडे घेऊन प्रचंड निदर्शनं केली होती. आमच्याकडची जुनी माणसं महाराजांच्या आधी हीच गोष्ट सांगतात.

आईंना प्रतापगड नकोच वाटला, तर तो दिवस तापोळ्याला द्या. कोयना धरणाच्या फुगवट्याचं पाणी इथवर येतं, सोळशी आणि कांदाटी कोयनेला इथेच मिळतात. होडीत बसलं की पायऱ्या नाहीत, गर्दी नाही. दोन्ही एका दिवसात करू नका.

खाण्याबद्दल. स्ट्रॉबेरी नोव्हेंबरअखेरीस सुरू होते, डिसेंबरात चांगली असते, पण भाव चढा असतो. २०१० पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. टोपलीत वरचा थर लालभडक आणि खाली पांढुरकी, हा जुना खेळ आहे. टोपली उलटी करून दाखवायला सांगा, चिडला तर पुढच्या गाड्यावर जा. रस्त्याकडेच्या शेतात विचारलंत तर बरेच शेतकरी मुलांना स्वतः खुडू देतात. मध घ्यायचा तर इथला जांभळाचा घ्या. जवळचं मांघर गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. बाजारातले गुलाबी फुटाणे सगळे घेतात, घरी कुणी खात नाही.

आणि एक गमतीचा तपशील: १८३४ ते १८६४ इथे तुरुंग होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले. महाबळेश्वरातली बटाट्याची आणि विलायती भाज्यांची बागायत त्यांनी वाढवली.

हॉटेलबाबत एकच. 'व्हॅली व्ह्यू' असं लिहिलेलं असेल तर खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागवा. आम्हाला एकदा मिळालेल्या खोलीतून पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. दरी होती, टाक्यांच्या पलीकडे.

परतताना पाचगणीचं टेबललँड घोड्यांच्या गर्दीत आटोपतं, अर्धा तास पुरे. त्याऐवजी भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे: घराघरांत, देवळात पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचायचं, पैसे नाहीत. आईंना सगळ्या सहलीत हेच सर्वात आवडेल असा माझा अंदाज आहे. वाटेत केट्स पॉइंटचा फाटा लागतो, तिथे मात्र उतरा. खाली बलकवडी आणि धोम धरणांचं पाणी दिसतं, म्हणजे जे गोमुखात पाहिलं त्याचाच पुढचा मुक्काम.

मग पसरणी घाट उतरून वाई. ढोल्या गणपती, आणि तीन-एक किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि घाटावर टांगलेली पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. कासला जाऊ का असं मनात आलं असेल तर डिसेंबरात नको, फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरची.

रविवारी परतणार असाल तर वाईतून दुपारी तीनच्या आत निघा. चारनंतर सुरूर फाट्यापासून पुण्यापर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालते, आणि आईंना त्या रांगेत पायऱ्यांपेक्षा जास्त त्रास होईल.