दुखत नाही म्हणून गोळी सोडू नकोस

बाळा,

काल गंगापूर रोडला भेटलीस तेव्हा म्हणालीस, काकू आता फारसं दुखत नाही, ती आमवाताची आठवड्याची गोळी, मेथोट्रेक्सेट, बंद करू का. तिथे काही बोलले नाही, बोलायला लागले असते तर तुझी बस गेली असती. आता रात्री लिहायला बसलेय, थंडीने बोटं आखडलीत, त्यामुळे टायपिंगच्या चुका चालवून घे.

अगं आमवात म्हणजे नुसती सांधेदुखी नाही. सांध्याच्या आतलं अस्तर सुजून जाड होतं आणि जिथे हाडावर कूर्चेचं, म्हणजे गुळगुळीत मऊ हाडाचं, आवरण नसतं त्या कडेने हाड कुरतडायला लागतं, म्हणून बोटांची मुळं, मनगट, पायाच्या करंगळीचा सांधा इथे एक्सरेत आधी खड्डे दिसतात. त्याच्याही आधी सांध्याजवळचं हाड विरळ झालेलं दिसू शकतं.

आपल्या हाडाचं काम सारखं चालूच असतं, काही पेशी जुनं हाड खोदून काढतात, काही नवीन भरतात. सुजेत जी रसायनं तयार होतात, टीएनएफ, आयएल-६ वगैरे, ती रँकल नावाच्या प्रोटीनमार्फत खोदणाऱ्यांना कामाला लावतात आणि भरणाऱ्यांना मात्र दाबून ठेवतात. आपल्याकडच्या रस्त्यांचं बघतेसच ना, खोदणारे रोज हजर आणि बुजवणारे गायब, तस्सं. आणि हे फक्त बोटात नाही हं, मणके, खुबा सगळीकडची हाडं ठिसूळ होऊ शकतात. मला हेच कुणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

आता माझा मूर्खपणा ऐक. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी स्टिरॉईड दिलं होतं, दोन दिवसांत इतकं बरं वाटलं की मी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणत राहिले, दीड वर्ष! १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं तेव्हाही लोकांना चमत्कारच वाटला, १९५० चं नोबेल मिळालं त्यांना, पण दुष्परिणाम मागाहून कळत गेले. स्टिरॉईडने सूज उतरते पण हाड भरणाऱ्या पेशींनाच ते मारतं, आणि पहिल्या काही महिन्यांतच हाडं मोडायचा धोका वाढतो. माझं काय झालं, तर साडीच्या निऱ्या पायात यायला लागल्या. मला वाटलं आपलं नेसायचं चुकतंय. मग एक दिवस पाण्याची बादली उचलली आणि पाठीत अशी कळ आली की बसलेच, मणका दबला होता. उंची कमी झाली होती म्हणून निऱ्या लोळत होत्या, कळलं का.

लगेच स्टिरॉईडला घाबरून बसू नकोस, कधीकधी लागतंच, आणि चालू असेल तर आपल्या मनाने एकदम सोडायचंही नाही, ते अजून धोक्याचं. फक्त किती दिवस आणि किती मिलिग्रॅम हे डॉक्टरला विचारायचं, तीन महिन्यांच्या वर जाणार असेल तर हाडांसाठी काय देणार तेही विचारायचं. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्यायची का विचार, माझ्यासारख्या पाळी गेलेल्या बायकांत तिचा आकडा, टी-स्कोअर, -२.५ किंवा त्याखाली असला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं धरतात. नाचणी, दूध, तीळ खा, डी व्हिटॅमिन तपासून घे, आणि चालत जा गं, हाडावर वजन पडायला पाहिजे.

तुझी ती मेथोट्रेक्सेट मुळातली सूज दाबते, म्हणजे हाडाचं खोदकाम तिथेच अडतं. तुला दुखत नाहीये ते बहुतेक तिच्यामुळेच, आणि तू तिलाच काढायला निघालीस! आठवड्यातून एकदाच हं, वार ठरव, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. वायनरीतले फोटो पाहिले मी, रागवत नाही, पण या गोळीसोबत दारू म्हणजे लिव्हरचा प्रश्न आहे, डॉक्टरला खरं काय ते सांग. लग्नानंतर मुलाचा विचार असेल तर तेही आधी सांग, ही गोळी त्या काळात चालत नाही, बदलून देतात.

शनिवारी दुपारी ये घरी, तुझे जुने एक्सरे आण, माझेही काढून ठेवते, मनगटाचे शेजारी शेजारी लावून बघू. येताना जिना सावकाश चढ, तिसरी पायरी हलते.

काकू